हातावरचं सुलतानपूर

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. ‘‘मॅडम, हवाई सुंदरीच्या आयुष्यातल्या गमतीजमती लिहा ना. वाचकांना फार आवडतात.’’ मी म्हटलं, ‘‘एसटीच्या कंडक्टरला तुम्ही रस्ता-सुंदर म्हणता का?’’ मग म्हणाले, ‘‘बरं, तुम्हाला हवं ते लिहा.’’ तर हवं ते लिहितेय. गमतीजमती मधूनमधून येतीलही, पण मुळात मी चिडलेली आहे आणि ते लपवायचा माझा विचार नाही.

चिडायला निमित्त ताजं आहे. परवा मेहकरला एका लग्नात पंगतीला शेजारी एक निवृत्त साहेब बसले होते. कोणीतरी ओळख करून दिली, की ही सुलतानपूरची वंदना, लोणारच्या शाळेतल्या क्लार्कसाहेबांची मुलगी, परदेशात विमानात होती. साहेबांनी जिलेबीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, ‘‘म्हणजे इतक्या लांब जाऊन शेवटी चहाच वाटला ना?’’ आजूबाजूची पंगत हसली. मीही हसले, कारण लग्न दुसऱ्याचं होतं. पण तळपायाची आग जी मस्तकात गेली ती घरी येईपर्यंत काही उतरली नाही.

अहो साहेब, चहा वाटायचं आम्हाला दीड-दोन दिवसांत शिकवलं. बाकीचे सगळे आठवडे कशात गेले ते ऐका. धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत गुडघ्यांवर रांगत माणूस शोधायचा. विमानाचं दार उघडायचं, जे आपल्या गोठ्याच्या दारासारखं ढकललं की उघडत नाही, त्याचा एक क्रम असतो आणि क्रम चुकला तर माणसं मरतात. बंद पडलेलं हृदय दाबून चालू करायचं. बाईला अर्ध्या वाटेत कळा सुटल्या तर बाळंतपण करायचं. दारू पिऊन मारामारीवर आलेल्या माणसाचे हात बांधायचे. आणि विमान नको तिथे, नको तसं थांबलं, तर अर्धी दारं बंद आहेत असं धरून चालून सगळ्या माणसांना दीड मिनिटात बाहेर काढायचं. आम्हाला विमानात ठेवलेलं असतं ते एवढ्यासाठी. चहा हा मधल्या रिकाम्या वेळचा उद्योग आहे.

आणि माणसं बाहेर निघतात का सरळ? एकदा स्वयंपाकाच्या कप्प्यातून धूर यायला लागला, विमान परत उतरवलं, आणि आम्ही ओरडतोय की सामान सोडा, बाहेर पडा. एक सुटाबुटातले गृहस्थ वाटेत उभे राहून वरच्या कप्प्यातून आपली बॅग ओढतायत. मागे सगळी रांग अडलेली. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन अशी ओरडले की ते बॅग सोडून उडालेच. सगळे सुखरूप बाहेर आले. पुढच्या आठवड्यात त्यांची तक्रार आली, की त्या बाईंचा सूर उद्धट होता. आता बोला!

पण मला सांगायचंय ते याच्या आधीचं आहे. या कामाला लागण्यापूर्वी माझं घोडं जिथे अडलं, ते ना धुरात अडलं ना पाण्यात. अडलं ते माझ्या डाव्या हातावर.

लोणारला विवराच्या तळाशी कमळजा देवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते. मी चार-पाच वर्षांची असताना त्या यात्रेत बांगड्यांच्या दुकानापाशी आईचा हात सोडला आणि हरवले. दुपार उलटल्यावर सापडले ती एका पोलिसाच्या शेजारी मुरमुरे खात बसलेली. त्याने नाव विचारलं होतं, गाव विचारलं होतं, आणि मी दर वेळी म्हणाले होते, ‘‘सांगत नाई.’’ स्वभाव तेव्हापासूनचा आहे. आईने पहिल्यांदा मला कुशीत घेतलं, मग रट्टा दिला, मग पुन्हा कुशीत घेतलं.

पुढच्या वर्षी तिने यात्रेत शिरल्या शिरल्या आम्हा दोघा भावंडांना गोंदणाऱ्या बाईसमोर नेऊन बसवलं. बॅटरीवरचं मशीन, हिरवी शाई. संजूदादाच्या हातावर त्याचं नाव. माझ्या हातावर मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, दोन ओळी: वंदना, आणि खाली सुलतानपूर. दादाला फक्त नाव आणि मला गावासकट, का, तर हरवायची खात्री माझी होती. मी बोंब मारली ती म्हणे विवराच्या वर काठापर्यंत ऐकू गेली. आई म्हणाली, ‘‘आता तू तोंड उघड नाईतर बंद ठेव. तुहा हात सांगन तू कोनाची हायेस ते.’’ आणि वर हेही म्हणाली, की सोनं-नाणं काय, ते इथंच राहते, मेल्यावर संगं येते ते एवढं गोंदणच. आमच्याकडच्या सगळ्याच बाया असं मानतात. शाळेत माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींच्या हातावर काही ना काही होतं. कान टोचतात तसं हात गोंदतात, इतकी साधी गोष्ट.

पदवी झाली आणि औरंगाबादच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मी नाव घातलं. त्यांच्या दारावर निळ्या टोपीतल्या गोऱ्या मुलीचं एवढं मोठं पोस्टर होतं. तिथे आम्हाला काय शिकवलं? नॅपकिनची घडी, ओठांची लाली आणि वऱ्हाडी विसरणं. तिथल्या मॅडम पुण्याच्या. मी एकदा ‘मले समजलं नाई’ म्हणाले तर त्यांनी असं नाक मुरडलं जसं काही मी वर्गात म्हैस आणून बांधली. ‘‘वंदना, ही भाषा विमानात चालणार नाही.’’ पुढे विमानात कोणती भाषा चालते ते मी पाहिलं. कोणतीही चालते, फक्त मोठ्याने बोलता आली पाहिजे. ते मात्र तिथे शिकवत नव्हते, उलट आमचा आवाज बारीक करायच्या मागे लागले होते.

मुलाखत मुंबईच्या एका हॉटेलात. कंपनी आखातातली. त्यांच्या परीक्षांमधली एक फार सोपी होती: भिंतीवर वर एक खूण असते, चवड्यांवर उभं राहून हात उंच करायचा आणि खुणेला बोट लावायचं. विमानात वरच्या कप्प्यात आणीबाणीचं सामान असतं, तिथवर हात पोचला पाहिजे म्हणून. आम्ही सगळ्या पांढऱ्या फुल बाहीच्या शर्टात होतो, तसा नियमच होता. मी हात वर केला, बाही कोपरापर्यंत खाली घसरली, आणि वंदना सुलतानपूर ही दोन्ही हिरवी नावं त्या तिघा परीक्षकांच्या नाकासमोरून वर गेली. तिघंही माझ्या बोटाच्या टोकाकडे पाहत होते. बोट पोचलं. त्यांनी खूण केली.

मग एक अर्ज भरायला दिला. त्यात विचारलं होतं, शरीरावर टॅटू आहे का? मी लिहिलं, नाही. आणि आजही कोणी मला शपथेवर विचारलं तर मी सांगेन की मी खोटं लिहिलं नाही. टॅटू म्हणजे मला काय माहीत होतं? नटांच्या दंडावरचा विंचू, ड्रॅगन, कवटी. हौसेने, पैसे देऊन, मोठ्या वयात काढून घेतलेलं काहीतरी. आईने यात्रेत हात धरून गोंदलेलं आपलं नाव टॅटूत मोडतं हे मला कोण सांगणार होतं? त्या पुण्याच्या मॅडमनी माझा हात वर्षभर पाहिला होता. लालीची छटा चुकली तर त्या ओरडायच्या. हातावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

निवड झाली. घरात पेढे, गावात चर्चा. बाबांनी शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना सांगितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले ती थेट परदेशी जायला.

प्रशिक्षणाची बॅच म्हणजे जगभरच्या मुली. माझ्या खोलीत मारिसेल होती, फिलिपिन्सची, घरच्या आठवणीने रोज रडायची आणि रडता रडता भात शिजवायची. तिने पहिल्याच दिवशी माझा हात पाहिला, विचारलं हे काय, मी म्हटलं माझं नाव आणि गाव. ‘‘किती छान,’’ म्हणाली, आणि भाताकडे वळली. प्रशिक्षणाच्या गणवेशाला फुल बाहीचा कोट होता, त्यामुळे वर्गात बाकी कोणाच्या नजरेला काही पडलं नाही. मी काही लपवलं नाही, तसंच मिरवायलाही गेले नाही.

सुरक्षेचं शिकवायला सामी सर होते, इजिप्तचे, धिप्पाड, आवाज असा की खिडक्या हलाव्यात. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकीला विमान रिकामं करायचा हुकूम ओरडून दाखवायला सांगितलं. इन्स्टिट्यूटमधून बारीक आवाज घेऊन आलेल्या आम्ही सगळ्या मांजरासारख्या ओरडलो. सामी सर म्हणाले, ‘‘तुमच्यामुळे सगळे मेले. पुन्हा.’’ मला ते फार आवडले.

मग आला तलावाचा दिवस. विमान पाण्यात उतरलं तर काय करायचं, याची परीक्षा. पोहायच्या तलावात तराफा सोडलेला असतो. अंगात फुगणारं जाकीट घालून उडी मारायची, बेशुद्ध पडल्याचं सोंग घेतलेल्या जोडीदारणीला ओढत तराफ्यापर्यंत न्यायचं आणि वर चढवायचं.

आता माझं पोहणं ऐका. आमच्या मळ्यातल्या विहिरीत दादा पाठीला डबा बांधून पोहायला शिकला. मी काठावर बसून त्याचे कपडे सांभाळले. पोरींनी विहिरीत उतरायचं नाही. का नाही? कोणी सांगितलं नाही. याचाही राग मला आहेच, पण तो पुन्हा कधीतरी. पोहायला मी त्या परक्या देशातच शिकले, नाकातोंडात क्लोरीन जाऊन, आणि परीक्षेच्या दिवसापर्यंत जेमतेम तरंगत होते.

माझी जोडीदारीण मारिसेल. तिने बेशुद्धीचं सोंग घ्यायचं होतं. पण पाण्यात पडताना तिच्या तोंडात पाणी गेलं, ती खरोखरच घाबरली आणि तिने दोन्ही हातांनी माझी मान आवळली. जाकीट असूनही आम्ही दोघी खाली गेलो. शिकवलेलं सगळं क्षणभर डोक्यातून गेलं. मग आठवलं, की बुडणाऱ्याशी झटायचं नाही, त्याला उलटं करायचं. मी तिच्या हातांखालून निसटले, तिला फिरवलं, जाकिटाचा मागचा पट्टा धरला आणि ओरडले, ‘‘हात सोड! माझ्याकडे पाहू नको, वर पाहा!’’ कोणत्या भाषेत ओरडले देव जाणे. ती शांत झाली. मी तिला ओढत नेलं आणि तराफ्यावर ढकललं. काठावर सामी सरांनी टाळ्या वाजवल्या, जे ते कधी करत नसत. ‘‘ही,’’ ते बाकीच्या मुलींना म्हणाले, ‘‘ही मला माझ्या विमानात हवी.’’

त्या वेळी मला जे वाटलं तसं पुढे कधीच वाटलं नाही. आपल्याला एक काम येतं, आणि ते काम फार मोठं आहे.

मी काठावर चढत होते. पोहायचा पोशाख बिनबाह्यांचा. हेलन मॅडम त्या दिवशी पहिल्यांदाच तलावावर आल्या होत्या, टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्या दिसण्याच्या शिस्तीच्या प्रमुख: केस, नखं, बूट, सगळं तपासायचं काम त्यांचं. टॉवेल देता देता त्यांनी माझं मनगट धरलं. ‘‘हे काय आहे?’’

मारिसेल अजून मागे खोकत होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. हेलन मॅडमसमोर माझा अर्ज होता. ‘‘तू लिहिलंयस टॅटू नाही.’’

‘‘हा टॅटू नाही. लहानपणी आईने यात्रेत गोंदून घेतलंय. आमच्याकडे सगळ्यांचं असतं.’’

‘‘शाई आहे ना? कातडीच्या खाली आहे ना? पुसता येत नाही ना? मग टॅटू आहे.’’

मी भडकले. मी म्हटलं, ‘‘माझे कानही आईनेच टोचलेत. ती भोकं तुम्हाला चालतात. त्यात मोती घालाच म्हणता.’’

त्या म्हणाल्या, कान सगळ्या जगाचे टोचलेले असतात. हातावरचं हे प्रवाशांना कसं तरी वाटेल. गुन्हेगारांच्या हातावर असं असतं. ‘गुन्हेगार’ हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला की मला आधी कळलंच नाही त्या माझ्याविषयी बोलतायत. एकतर खोटी माहिती दिली म्हणून घरी, नाहीतर वरिष्ठांनी मान्य केलं तर गोंदण काढून टाकायचं. तोवर प्रशिक्षण बंद.

घरी फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बाबांच्या हयातीत असं एकही संकट आलं नव्हतं ज्याला दाखला चालला नाही. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, चांगल्या वर्तणुकीचा. ते म्हणाले, ‘‘तू तिथं काही बोलू नको. म्या सरपंचाचा दाखला आनतो. शिक्का पाह्यला म्हंजे गप बसतीन.’’

मी म्हटलं, ‘‘बाबा, इथे सरपंच नाही चालत.’’

‘‘चालत नाई कसा? गावचा सरपंच हाये थो!’’

मग आई फोनवर आली. ‘‘काऊन काढाले लावतात वं? कोनाचं काय घेतलं तुह्या हातानं?’’ मग तीच म्हणाली, ‘‘म्या गोंदलं तवा तुले इचारलं नोतं. आता हात तुहा हाये. तू ठरव. मले इचारू नको.’’

बाबांनी दाखला आणलाच. सरपंच शेतात, तलाठी दौऱ्यावर, तरी त्यांनी दिवस घालून दोघांना गाठलं. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडून भाषांतर करून घेतलं, मुख्याध्यापकांचा शिक्का मारला आणि लोणारच्या सायबर कॅफेतून तो कागद कंपनीला पाठवला. मजकूर असा: ‘दाखला देण्यात येतो की कुमारी वंदना ही मौजे सुलतानपूर येथील कायम रहिवासी असून हातावर नाव गोंदणे ही या भागातील जुनी चालीरीत आहे. त्यात कोणताही वाईट हेतू नाही. सदर मुलीची चालचलन चांगली आहे. मागणीवरून दाखला दिला असे.’ खाली तीन गोल शिक्के.

वरिष्ठांनी बोलावलं म्हणून मी बाहेर बाकावर बसले होते. ऑफिसची भिंत काचेची. आत हेलन मॅडम, सामी सर आणि दोन सूटवाले. हेलन मॅडम तो कागद मोठ्याने वाचत होत्या. एक सूटवाला हसत होता. दुसऱ्याने शिक्क्यांवर बोट ठेवून काहीतरी म्हटलं आणि मग दोघंही इतके हसले की एकाने चष्मा काढून डोळे पुसले.

मला बाबा दिसले. तलाठ्याच्या दारात, टोपी सारखी करत, कागद हातात धरून उभे असलेले.

मी दार न ठोठावता आत गेले. माझं इंग्रजी तेव्हा फार बरं नव्हतं, पण त्या दिवशी कुठे अडलं नाही. मी म्हटलं, ‘‘हसू नका. माझ्या वडिलांनी तुम्हाला मान देऊन हे पाठवलंय. आमच्या गावात माणसाची खात्री अशी देतात. तुम्ही माझ्या गळ्यात नावाचा बिल्ला अडकवलाय, तसं माझ्या आईने हातावर नाव लिहिलं. तुमचा बिल्ला त्या दिवशी तलावात पडला, तिचं नाव पडलं नाही. आणि त्या मुलीला मी याच हाताने बाहेर काढलं. ती बुडत होती तेव्हा तुमच्यापैकी कोणी विचारलं नाही, की बाई, तुझ्या हातावर काय लिहिलंय?’’

सामी सर उठले. त्यांनी हेलन मॅडमच्या हातातून तो दाखला घेतला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. मग ते बराच वेळ त्या सूटवाल्यांशी भांडले. मला वाटलं जिंकले. पण त्यांच्या भांडणाने एवढंच झालं, की मला लगेच घरी पाठवलं नाही. गोंदण काढून घे, डॉक्टरचं पत्र आण, पुढच्या बॅचला ये. नाहीतर तिकीट तयार आहे.

खूप जण मला विचारतात, मग परत का नाही आलीस तोऱ्यात? सिनेमात असतं तर आले असते. लोक काय म्हणतील या भीतीने थांबले असंही नाही. मला ते काम हवं होतं. पट्टा धरून मारिसेलला ओढताना मला जे कळलं होतं, ते मला सोडायचं नव्हतं. एका बाईला काम आणि आईने दिलेलं नाव यांतलं एक निवडायला लावतात, आणि ती काम निवडते तेव्हा तिलाच विचारतात, तुला काही वाटलं नाही का? मला काय वाटलं हे त्या सूटवाल्यांना कोणी विचारत नाही.

डॉक्टरने लेझर लावला. केस जळल्याचा वास येतो. गावाकडची शाई खोल घालतात, डॉक्टर म्हणाला, सहज निघत नाही. परत परत जावं लागलं. सुलतानपूर आधी पुसट झालं, वंदना बरेच दिवस चिकटून राहिली. शेवटी तिथे एक पांढुरका, चकचकीत चट्टा उरला. हेलन मॅडमनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘सुंदर.’’

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा आईने चुलीपाशी बसल्या बसल्या माझा हात ओढून घेतला आणि चट्ट्यावर अंगठा फिरवला. ‘‘जास्त काह्यनं दुखलं? गोंदल्यानं का काढल्यानं?’’

‘‘काढल्यानं,’’ मी म्हटलं.

‘‘हं,’’ म्हणाली, आणि भाकरी उलटली. मग मी तिला कामाचं सगळं सांगितलं, धूर, दारं, पाणी, मारिसेल. तिने एकेक गोष्ट नीट समजून घेतली. चहाचं तिने विचारलंसुद्धा नाही.

पुढे मी पुष्कळ वर्षं उडाले. एकदा वरच्या वर्गात एक युरोपातले गृहस्थ होते, खांद्यापासून मनगटापर्यंत सगळा हात हिरव्या ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेला. कौतुकाने दाखवत होते, की ही भारतातल्या खेड्यांतल्या बायकांची नक्षी आहे, अस्सल आहे. माझ्या सहकारी मुली ‘अय्या किती सुरेख’ करत भोवती जमल्या. मी त्यांना संत्र्याचा रस दिला. बाहीखाली माझा चट्टा होता. अशा वेळी हसायचं कसं हेही आम्हाला शिकवलेलं असतं.

आणि मग नोकरीच्या शेवटच्या वर्षात कंपनीचं परिपत्रक आलं: काळ बदलला आहे, आता कर्मचाऱ्यांना हातावर लहान, सभ्य टॅटू ठेवायला परवानगी आहे, माणसाची ओळख आम्हाला मोलाची वाटते. नवीन मुलींनी केक कापला. मी तो कागद वाचला आणि सरळ स्वच्छतागृहात गेले, आणि आरशासमोर उभी राहून शुद्ध वऱ्हाडीत जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. बाहेर येऊन केक खाल्ला नाही.

आता मी लोणारला दादाच्या घरी असते. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षापासून आईचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणतात, यावर आता फार काही होणार नाही, तिच्या कलाने घ्या. तिच्यासाठीच मी नोकरी सोडून आले.

रोज सकाळी दादा दुकानात जायच्या आधी तिच्यासमोर बसतो. ती त्याचा चेहरा पाहते, ओळखत नाही. मग त्याची बाही वर करते, हिरव्या अक्षरांवरून बोट फिरवते आणि तिचं तोंड उजळतं. ‘‘हा माहा संजू.’’ मग त्याच्या हातून चहा घेते, गोळी घेते, सगळं करते.

मग मी बसते. ती माझा डावा हात घेते, उलटा करते. मग उजवा पाहते. पुन्हा डावा. ‘‘तुह्या हाताले काय झालं वं बाई? भाजलं काय?’’

‘‘हो, भाजलं.’’

‘‘हळद लाव.’’

‘‘आई, मी वंदना.’’

त्यावर ती हसते, लहान मुलाने थाप मारली की मोठी माणसं हसतात तशी. ‘‘वंदनाच्या हातावर नाव हाये. गावासकट. म्या सोता गोंदून घेतलं.’’ पहिल्या पहिल्यांदा मी वाद घातला, फोटो दाखवले, यात्रेतल्या पोलिसाची गोष्ट सांगितली. तिला ती गोष्ट नीट आठवते, फक्त ती माझी नाही. मला अजूनही राग येतो, पार डोकं फुटेल इतका येतो, पण दाखल्यावर जे हसले ते आता कुठे आहेत हेही मला माहीत नाही, आणि समोर तर आईच असते.

ती खाटेवर जरा सरकते आणि पाहुण्याला करून द्यावी तशी मला जागा करून देते. ‘‘बस. येईन ते वंदना इतक्यात. माही पोरगी विमानात असते. साध्या कामाले नाई हो, लोकायचा जीव वाचवाच्या कामाले.’’

मी बसते. आणि मग आम्ही दोघी वंदनाची वाट पाहतो.